कार्लाइलच्या मुलांच्या मागोमाग

६ नोव्हेंबर : एडिसनहून फिलाडेल्फियामार्गे कार्लाइल

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी २९ वर्षे क्रीडाशिक्षिका म्हणून काम केले. निवृत्तीनंतर आम्ही दोघे न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे आलो असताना, एका संध्याकाळी त्याने मला पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल इथल्या एका जुन्या शाळेविषयी सांगितले. अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांना त्यांच्या घरापासून, भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडून ‘सुधारण्यासाठी’ जिथे ठेवले जात असे, त्या शाळेच्या फुटबॉल संघाने १९१२ च्या हंगामात १४ सामन्यांत ५०४ गुण मिळवले होते. खो-खो आणि कबड्डीचे संघ घेऊन एस.टी.ने जिल्हाभर हिंडण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ही मुले प्रवासात जेवत कुठे आणि झोपत कुठे असतील?

त्या प्रश्नामुळेच हा प्रवास ठरला. चौदाही सामन्यांची यादी मी वहीत तारखांसह उतरवून घेतली तेव्हा लक्षात आले, की २१, २५ आणि २८ सप्टेंबरचे पहिले तीन सामने तेवढे कार्लाइल गावात झाले आणि त्यानंतरचे अकराही सामने बाहेरगावी. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, हा संघ राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाविरुद्ध ३४–२० असा जिंकला आणि सोमवारी, २८ तारखेला, कॅनडातल्या टोरांटोत उतरून तिथल्या निवडक खेळाडूंना ४९–१ असे हरवून मोकळा झाला. मधला एक रविवार आणि तोही आगगाडीत. सगळी गावे पाहणे आम्हांला शक्य नव्हते. मात्र ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी झालेला सामना हंगामातला सर्वांत गाजलेला असल्यामुळे, आपणही ९ नोव्हेंबरलाच तिथे पोहोचायचे, एवढे मी हट्टाने ठरवून घेतले.

सकाळी सहाला निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ह्यांच्या गुडघ्याची औषधे होती. पहिला मुक्काम गाठण्याआधी फिलाडेल्फियाला थांबलो, कारण हंगामातला एकमेव पराभव इथला आहे : १६ नोव्हेंबर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ३४, कार्लाइल २६. विद्यापीठाच्या आवारातले फ्रँकलिन फील्ड हे मैदान १८९५ पासून तिथेच आहे, विटांचे भव्य प्रेक्षागृह मात्र १९२२ चे. वेस्ट पॉइंटसारख्या बलाढ्य संघावर विजय मिळवल्यानंतर जेमतेम आठवड्याने, आदल्या दीड महिन्याचा प्रवास अंगावर घेऊन ही मुले इथे उतरली होती. थकलेल्या संघाचा सामना कसा असतो, ते मी पाहिलेले आहे. पाय चालतात, परंतु पकडीच्या क्षणी हात अर्धा पळ उशिरा पडतो. ३४–२६ ह्या आकड्यात मला तो अर्धा पळ दिसला.

ह्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. त्याच महाविद्यालयातून तीन वर्षांनी, १८८९ साली, सुसान ला फ्लेश ही ओमाहा जमातीची तरुणी पदवी घेऊन बाहेर पडली आणि अमेरिकेच्या मूलनिवासींमधली पहिली डॉक्टर स्त्री ठरली, हे मात्र मला इथे आल्यावर समजले. कार्लाइलच्या वाटेवर ही दोन नावे एकत्र आठवून मला फार बरे वाटले.

पुढचा सव्वादोन तासांचा रस्ता मुलाने मला हा खेळ समजावण्यात घालवला. आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. चेंडू अंडाकृती असतो, तो हातात धरून पळायचा असतो आणि पळणाऱ्याला प्रतिपक्षाने आडवे पाडायचे असते. १९०५ च्या हंगामात ह्या खेळात अठरा जण मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतले आणि १९०६ पासून नियम बदलू लागले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. १९१२ साली आणखी बदल झाले : मैदान शंभर यार्डांचे, दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, पाचऐवजी सहा गुण. जुन्या पद्धतीत वजनदार गड्यांची भिंत एकमेकांवर ढकलणे हाच खेळ असे, तर नव्या नियमांनी चपळाईला आणि डोक्याला जागा दिली. कार्लाइलची मुले मोठ्या विद्यापीठांच्या गड्यांपेक्षा अंगाने हलकी होती, म्हणून नव्या नियमांचा उपयोग त्यांनी इतरांच्या आधी ओळखला. १९०७ सालीच त्यांनी ह्याच फिलाडेल्फियात पुढे फेकलेल्या चेंडूच्या जोरावर पेनसिल्व्हेनियाला २६–६ असे हरवले होते. बारीक अंगाच्या मुलांनी धिप्पाड संघ कसे हरवावेत, हा माझा जन्मभराचा विषय असल्यामुळे मी त्याला वाटेत दहा वेळा थांबवून प्रश्न विचारले.

७ नोव्हेंबर : छावणी, कबरी आणि मैदान

कार्लाइलची शाळा लष्कराच्या छावणीत होती आणि ती जागा आजही लष्कराच्याच ताब्यात असून तिथे सेनाधिकाऱ्यांचे उच्च शिक्षणाचे महाविद्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ह्या आवाराच्या काही भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आहे, तरी ओळखपत्रे दाखवून पास घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. आमचे पासपोर्ट तपासून होईपर्यंत थंडीत उभे राहावे लागले.

शाळा स्थापन केली ती कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट ह्या लष्करी अधिकाऱ्याने, १८७९ साली. ऑक्टोबरच्या एका मध्यरात्री लाकोटा जमातीच्या ऐंशीहून अधिक मुलामुलींची पहिली तुकडी आगगाडीने इथे उतरली. ज्या लोकांशी सैन्य नुकतेच लढले होते, त्यांचीच मुले सैन्याच्या छावणीत शिकायला आणली गेली. मुलाच्या आतला ‘इंडियन’ मारून टाका आणि माणूस वाचवा, अशा अर्थाचे प्रॅटचे वाक्य प्रसिद्ध आहे आणि ते त्याने पूर्ण सद्भावनेने उच्चारले होते, ही गोष्ट मला त्या वाक्यापेक्षा अधिक भयंकर वाटते. मुलांचे केस कापले गेले. केस कापणे हे त्यांच्यापैकी अनेक जमातींत सुतकाचे लक्षण होते. फळ्यावर इंग्रजी नावे लिहून प्रत्येक मुलाच्या हाती छडी दिली गेली. ज्या नावावर छडी टेकेल ते त्या मुलाचे नाव. जे वाचताच येत नव्हते, त्यातून त्यांनी स्वतःला नवे नाव निवडले. आपली भाषा बोलल्यास शिक्षा होत असे.

इथे मला थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या आश्रमशाळेची आणि ह्या शाळेची तुलना होऊ शकत नाही. आमची मुले दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी जात, त्यांचे आईबाप बाजाराच्या दिवशी भेटायला येत आणि कोणी त्यांना आपले कूळ विसरायला सांगितले नव्हते. तरीही शाळेत प्रमाण मराठीच बोलायची, असा दंडक होता आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत मैदानावर कोकणा बोलीत एकमेकांना हाका मारणाऱ्या मुलांना मी रागावले आहे. त्यांची बोली चुकीची आहे, असे मी त्यांना सांगितले होते. पुढे एका स्पर्धेत त्याच हाकांमुळे प्रतिस्पर्धी संघाला आमचे डावपेच कळेनात, तेव्हा मी गप्प बसले आणि नंतर ती बोली थोडीफार शिकलेही. त्या पहिल्या वर्षांतल्या मुलांचे चेहरे आज दिवसभर डोळ्यांपुढे होते. कार्लाइलच्या संघाला तर तोही आधार नव्हता. जिम थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, गस वेल्श आणि जो गायन ओजिब्वे, अॅलेक्स अर्कासा दूर वायव्येकडच्या कोलव्हिलचा, पीट कॅलॅक कॅलिफोर्नियातल्या रिंकनचा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे, म्हणून शाळेने लादलेली इंग्रजी हीच त्यांची मैदानावरची एकमेव समान भाषा होती.

(आणि ‘इंडियन’ ह्या शब्दाविषयी एक. त्या काळच्या वर्तमानपत्रांत ह्या संघाचा उल्लेख ‘कार्लाइल इंडियन्स’ असा येतो. कोलंबसाने वाट चुकून आमचे नाव ह्यांना दिले आणि पाचशे वर्षांनी त्या नावाची पाटी वाचताना आम्ही दोघे क्षणभर थबकलो. मी शक्य तिथे जमातीचे नाव लिहिले आहे.)

कबरस्तान छोटे आहे. पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या सरळ ओळी, जशा सैनिकांच्या असतात तशा. मूळ जागेवरून १९२७ साली सगळ्या कबरी इथे हलवल्या गेल्या. क्षयाने आणि इतर आजारांनी गेलेली ही मुले आहेत, काही शिळांवर नावे चुकीच्या लेखनाने कोरलेली आहेत आणि काहींवर फक्त ‘अज्ञात’ असे आहे. २०१७ पासून लष्कर नातेवाइकांच्या मागणीवरून एकेका मुलाचे अवशेष काढून त्यांच्या जमातीकडे परत पाठवत आहे. २०२१ साली साउथ डकोटातल्या रोझबड वसाहतीच्या लाकोटांनी आपली नऊ मुले घरी नेली. काही शिळांपाशी लोकांनी खेळणी आणि रंगीत मण्यांच्या माळा ठेवल्या होत्या. ह्यांनी पायांतले बूट काढून ठेवले आणि आम्ही थंड गवतावर अनवाणी उभे राहिलो.

तिथून मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. त्याला आजही इंडियन फील्ड म्हणतात आणि जवळच्या व्यायामशाळेला थॉर्पचे नाव आहे. मैदानाच्या कडेने मी शंभर यार्ड पावलांनी मोजले. माझी १३७ पावले झाली. शाळेत फुटबॉल सुरू झाला आणि १८९० साली एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटने तो बंद केला. पुढे मुलांचे शिष्टमंडळ त्याच्याकडे परवानगी मागायला गेले, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या : समोरच्याने मारले तरी तुम्ही ठोसा मारायचा नाही आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला हरवून दाखवायचे. मुलांनी दोन्ही अटी मान्य केल्या. त्या शाळेत अंगावरच्या कपड्यांपासून नावापर्यंत सर्व काही मुलांवर वरून लादलेले होते, फुटबॉल तेवढा त्यांनी स्वतः मागून घेतला होता. मागून घेतलेल्या खेळात मुले कशी खेळतात आणि तासिकेत आहे म्हणून खेळायच्या खेळात कशी खेळतात, हा फरक कोणत्याही क्रीडाशिक्षकाला सांगावा लागत नाही.

थॉर्प इथे १९०४ साली आला. कामाच्या कपड्यांवर जात असताना उंच उडीचा सराव पाहत थांबला आणि कोणालाच पार होत नसलेली काठी सहज ओलांडून गेला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्याला सगळे ‘पॉप’ म्हणत, त्याने त्याला हेरले. मध्ये दोन वर्षे थॉर्प शाळा सोडून गेला आणि १९११ साली परतला. त्या नोव्हेंबरात हार्वर्डच्या मैदानात दुखऱ्या पायाने चार फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पार करून मिळणारे गोल, मारून त्याने १८–१५ असा विजय मिळवून दिला. १९१२ च्या उन्हाळ्यात तो स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला गेला आणि पेंटाथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) व डेकाथलॉन (दहा प्रकारांची स्पर्धा) ही दोन्ही सुवर्णपदके घेऊन आला. ह्याच शाळेचा, होपी जमातीचा लुइस टेवानिमा दहा हजार मीटरच्या शर्यतीत दुसरा आला. कार्लाइल गावाने १६ ऑगस्टला त्यांची मिरवणूक काढली. जगज्जेता परत आला आणि पाच आठवड्यांनी आपल्या शाळेच्या संघाचा कर्णधार म्हणून ऑलब्राइट महाविद्यालयाविरुद्ध ५०–७ असा हंगाम सुरू करून गेला. ज्या आवारात मी सकाळी त्या शिळा वाचल्या, त्याच आवारातून.

८ नोव्हेंबर : गावातले संग्रहालय आणि जिम थॉर्प नावाचे गाव

सकाळ कम्बरलँड परगण्याच्या ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहालयात गेली. शाळेत आलेल्या मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडछायाचित्रे काढली जात आणि देणगीदारांना दाखवली जात. नव्हाहो जमातीच्या टॉम टॉर्लिनो ह्या तरुणाची अशी जोडी फार प्रसिद्ध आहे : पहिल्या चित्रात मोकळे लांब केस, कानांत डूल आणि गळ्यात माळा, तर तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्यात आखूड केस, कोट आणि उजळ दिसणारा चेहरा. त्याच्या डोळ्यांकडे दोन्ही चित्रांत बराच वेळ पाहत राहिले. फुटबॉलच्या संघाची छायाचित्रे मात्र वेगळी आहेत. जाड लोकरीच्या जर्सीवर शाळेचे अद्याक्षर, हात छातीशी बांधलेले, आणि नजरेत कोणाचीही परवानगी न मागणारा एक ठामपणा.

बाहेर हाय स्ट्रीटवर आलो. कम्बरलँड व्हॅली रेल्वेचे रूळ त्या काळी ह्या मुख्य रस्त्याच्या मधून जात, म्हणजे संघ निघताना आणि परतताना सारे गाव आपापल्या दारातून पाहू शकत असेल. संघ सतत बाहेरच का खेळे, ह्याचे कारणही इथेच उमगले. कार्लाइलमध्ये मोठे प्रेक्षागृह नव्हते. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, न्यू यॉर्क राज्यातले सिराक्यूज अशा शहरांत तिकिटांचे पैसे मोठे येत आणि त्यांतला वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. हा निधी वॉर्नरच्या हाती होता. १९१४ साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, समितीने चौकशी केली तेव्हा त्या पैशांच्या वापराबद्दल कठोर प्रश्न विचारले गेले, शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन ह्यांना जावे लागले आणि वॉर्नरही त्या हंगामानंतर पिट्सबर्ग विद्यापीठात निघून गेला. चौकशीची मागणी करणाऱ्या अर्जावर विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करण्यात पुढाकार होता तो गस वेल्शचा, १९१२ च्या संघात सर्वांना खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकचा. वॉर्नरची बुद्धी असामान्य होती, ह्याबद्दल दुमत नाही. तरीही ज्याने त्याच्या डावपेचांचे सोने केले, त्याच मुलाला त्याच्या शिवीगाळीविरुद्ध साक्ष द्यावी लागली. माझ्या लेखी ही साक्ष त्या हंगामातल्या कोणत्याही टचडाउनपेक्षा लहान नाही.

दुपारी ईशान्येकडे निघून दोन तासांत लीहाय नदीकाठच्या डोंगरात जिम थॉर्प नावाच्या गावी पोहोचलो. ह्या गावाचे मूळ नाव मॉख चंक. कोळशाच्या वैभवाचे दिवस संपल्यावर गाव ओस पडू लागले होते. १९५३ साली थॉर्प वारला तेव्हा ओक्लाहोमात त्याच्या जमातीचे अंत्यविधी सुरू असताना त्याच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तिथून हलवले आणि १९५४ साली, गावाला त्याचे नाव देण्याच्या बोलीवर, ते ह्या गावाच्या स्वाधीन केले. त्याचा जन्म इथला नाही आणि त्याच्या आयुष्याशी ह्या गावाचा काही संबंधही नव्हता. मुलांनी वडिलांना घरी नेण्यासाठी खटला चालवला, तो अखेर २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिल्यावर संपला. लाल ग्रॅनाइटची समाधी रस्त्याच्या कडेला आहे, भोवती त्याचे पुतळे आहेत. गावाने ती स्वच्छ आणि आदराने ठेवली आहे, गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. परंतु काल कार्लाइलच्या ज्या शिळांचा निरोप घेतला होता, त्यांतली मुले एकेक करून घरी जाऊ लागली आहेत आणि त्या शाळेचा सर्वांत मोठा खेळाडू मात्र अजून परगावी आहे, हे काही केल्या मनातून जाईना.

९ नोव्हेंबर : वेस्ट पॉइंट

पहाटे निघून हडसन नदीवर आलो तेव्हा नऊ वाजले होते. अकादमीत बसमधून, मार्गदर्शकाबरोबरच फिरता येते. सध्याचे मिची स्टेडियम १९२४ चे आहे. १९१२ चा सामना वर, नदीकडे तोंड करून असलेल्या पठारावर झाला. बस तिथे थांबली आणि आम्ही वाऱ्यात उतरलो. पाने गळून गेलेली, खाली राखाडी नदी, करड्या दगडांच्या इमारती.

त्या दिवशी समोरासमोर कोण उभे होते, हे लक्षात घ्यायला हवे. साउथ डकोटातल्या वूंडेड नी इथे अमेरिकेच्या घोडदळाने लाकोटा स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल केली ती २९ डिसेंबर १८९० ला, म्हणजे सामन्याच्या २२ वर्षे आधी. संघातली बहुतेक मुले त्याच सुमारास जन्मलेली होती. समोर होते ते त्या सैन्याचे उद्याचे अधिकारी. त्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा दुसऱ्या वर्षाचा एक कॅडेटही होता, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात सरसेनापती आणि १९५३ साली देशाचा अध्यक्ष झाला. वॉर्नरने खेळापूर्वी मुलांना ह्या इतिहासाची आठवण दिली, असे सांगतात. मला वाटते, मुलांना ती आठवण कोणी देण्याची गरज नव्हती.

कार्लाइलने त्या दिवशी दोन्ही बाजूंचे गडी रुंद उभे करण्याची नवी रचना वापरली. चेंडू कोणाकडे जाणार हे शेवटपर्यंत कळू न देणारी ती मांडणी होती आणि सैन्याचे गडी भिंत धरून बसले, तर ही मुले भिंतीच्या दोन्ही टोकांवरून निसटत राहिली. थॉर्पवर सर्वांचे लक्ष असल्यामुळे अर्कासाने तीन टचडाउन केले. आयझेनहॉवर आणि त्याच्या एका सहकाऱ्याने थॉर्पला एकाच वेळी धरून खेळाबाहेर घालवायचा बेत केला होता, तर ते दोघे एकमेकांवरच आदळले. सैन्याचा धिप्पाड कर्णधार लीलँड डेव्होर हा जो गायनला मारल्याबद्दल मैदानाबाहेर काढला गेला. प्रॅटने मुलांना घातलेली पहिली अट, ठोसा न मारण्याची, त्या दिवशी मोडली ती दुसऱ्या बाजूने. अंतिम गुण : कार्लाइल २७, सैन्य ६.

मार्गदर्शक भला माणूस होता. मी विचारल्यावर त्याने त्या सामन्याची आठवण सर्व प्रवाशांना सांगितली, मैदान साधारण कुठे असावे ते हाताने दाखवले आणि आजच ती तारीख आहे हे माझ्याकडून कळल्यावर त्याने टोपी काढली. बसमधल्या एका वयस्क बाईंनी माझा हात दाबला. मला बोलता आले नाही.

त्याच संध्याकाळी पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला मुक्कामाला गेलो. रात्री हॉटेलातून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता आमच्याच भागात क्रीडाशिक्षक आहे आणि तिथे तेव्हा सकाळ होती, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. २७–६ चा सामना मी त्याला त्याच्या बोलीत सांगायचा प्रयत्न केला. माझी बोली अडखळते, तरी त्याने एकदाही मला मराठीवर येऊ दिले नाही.

१० नोव्हेंबर : स्प्रिंगफिल्ड, वूस्टर, प्रॉव्हिडन्स

स्प्रिंगफिल्डमध्ये वायएमसीए ह्या ख्रिस्ती युवकसंघटनेचे प्रशिक्षण महाविद्यालय होते. १८९१ साली बास्केटबॉल जन्मला तो तिथेच. २३ नोव्हेंबर १९१२ ला कार्लाइलने त्यांना ३०–२४ असे हरवले आणि ते तीसही गुण एकट्या थॉर्पचे होते : चार टचडाउन, त्यांवरच्या तीन यशस्वी लाथा आणि एक फील्ड गोल. फिलाडेल्फियाच्या पराभवानंतरचा हा आठवडा होता. संघातले बाकीचे किती दमले असतील, ते त्या एकट्याच्या तीस गुणांवरून कळते.

तिथून पूर्वेला तासाभरावर वूस्टर शहर लागते. आम्ही थांबलो नाही, परंतु मी मुलाला गाडी हळू चालवायला सांगितली. जानेवारी १९१३ मध्ये ह्या शहराच्या ‘वूस्टर टेलिग्राम’ ह्या वर्तमानपत्राने बातमी छापली, की थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. त्या काळात हौशी खेळाडूने पैसे घेणे निषिद्ध होते. अनेक महाविद्यालयीन खेळाडू सुट्टीत खोट्या नावाने असे खेळत, थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो आणि ह्या गोष्टींची आपल्याला माहिती नव्हती, असे त्याने पत्रात कळवले. हरकत घेण्याची मुदत स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांची होती आणि ती केव्हाच उलटून गेलेली होती. तरीही पदके काढून घेतली गेली. १९८२ साली त्याला सहविजेता म्हणून मान्यता मिळाली आणि १५ जुलै २०२२ ला, स्टॉकहोमच्या विजयाला ११० वर्षे झाली त्या दिवशी, दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लिहिले गेले. तोपर्यंत त्याला जाऊन ६९ वर्षे झाली होती. ह्यांनी वाटेत फक्त एवढेच विचारले, “आणि ज्यांनी त्याला उन्हाळ्यात काम शोधायला पाठवले, त्यांना कोणी काही विचारले का?” शाळेतून थॉर्प बाहेर पडला तेव्हा त्याच्या खिशात काय होते, हा प्रश्न मी वूस्टर मागे पडेपर्यंत उलगडत बसले होते.

प्रॉव्हिडन्सला दुपार झाली. २८ नोव्हेंबर १९१२, थँक्सगिव्हिंगचा दिवस, ब्राउन विद्यापीठाविरुद्ध हंगामातला शेवटचा सामना : ३२–०. ते मैदान आज उरलेले नाही. विद्यापीठाचे सध्याचे स्टेडियम १९२५ चे आहे. आम्ही त्याच्या बाहेरच्या फुटपाथवर उभे राहून शेवटच्या दशम्या खाल्ल्या. थॉर्पचा महाविद्यालयीन खेळ त्या दिवशी संपला. दोन महिन्यांनी पदके गेली आणि त्यापाठोपाठ तो न्यू यॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळू लागला. १९१८ साली शाळा बंद झाली आणि छावणी पुन्हा सैन्याकडे गेली. मुले आपापल्या गावी परतली, काहींना तिथली भाषा आता नीट येत नव्हती.

वही उघडून चौदाव्या ओळीपुढे मी ३२–० लिहिले आणि खाली बेरीज करून पाहिली. केलेले गुण ५०४, दिलेले ११४, विजय बारा, पराभव एक, आणि पेनसिल्व्हेनियातल्याच वॉशिंग्टन गावी ५ ऑक्टोबरला ०–० असा सुटलेला एक सामना. बेरीज जुळली. अंधार लवकर पडत होता आणि एडिसन चार तासांवर होते. कार्लाइलच्या मुलांना इथून त्याहून कितीतरी लांब जायचे होते, रात्रीच्या गाडीने, आणि सकाळी उतरल्यावर छावणीतली घंटा ऐकून पुन्हा रांगेत उभे राहायचे होते.